पन्नास मिलिसेकंद आणि दुसरी वाट

"तू नक्की करतोस तरी काय रे?" आमच्याकडच्या प्रत्येक लग्नकार्यात कुठली तरी काकू किंवा मावशी हे विचारतेच. 'फायबरच्या नेटवर्कमध्ये प्रोटेक्शन स्विचिंग बसवतो' म्हटलं की त्या जेवणाच्या पंगतीकडे वळतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

दोन शहरांतल्या यंत्रांमध्ये फायबरच्या दोन वाटा असतात. अगदी साध्या प्रकारात (आम्ही त्याला 'वन प्लस वन' म्हणतो) पाठवणारं टोक तोच सिग्नल दोन्ही वाटांवर सोडत राहतं आणि घेणारं टोक त्यातला बरा असेल तो उचलतं. एक वाट तुटली की दुसरीवर उडी. बिघाड लक्षात आल्यापासून ५० मिलिसेकंदांत ही उडी व्हावी असा दंडक आहे. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो! तुटलेली वाट जोडली गेली तरी यंत्र लगेच परतत नाही, निदान पाच मिनिटं थांबतं. अर्धवट जोडलेलं फायबर पुन्हा दगा देतं, मग नुसती टोलवाटोलवी.

हे सगळं इतकं जिवावर का घेतलं गेलं, त्याला इतिहास आहे. तांब्याच्या तारांच्या काळात फोन पुष्कळ केबलींवर विखुरलेले असत. फायबर आलं आणि केसाएवढ्या काचेतून हजारो संभाषणं जाऊ लागली. स्वस्त, सुरेख, आणि सगळी अंडी एकाच टोपलीत.

८ मे १९८८. अमेरिकेत मदर्स डे, म्हणजे आईला फोन करायचा दिवस. शिकागोजवळच्या हिन्सडेल गावातल्या टेलिफोन एक्स्चेंजला आग लागली. रविवार, इमारतीत कोणी नाही. सुमारे ३५,००० घरांचे फोन गेलेच, पण आसपासच्या कितीतरी एक्स्चेंजांची वाहतूक तिथूनच जात होती, तीही बसली. शिकागोच्या विमानतळांपर्यंत झळ पोचली. पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले. पुढच्याच वर्षी तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या अहवालाने बजावलं की थोड्या ठिकाणी फार भार एकवटतोय. १९८८ मध्येच सोनेट आणि एसडीएच ही मानकं आली होती. आता त्यांच्यावर आधारलेली, एका बाजूने तुटली तर उलट दिशेने फिरणारी वर्तुळं लोकांना हवीशी वाटू लागली.

तरी ४ जानेवारी १९९१ ला न्यूअर्कमध्ये एटी अँड टीच्या माणसांनी जुनी केबल काढताना चालू फायबर केबल कापली, आणि न्यूयॉर्कचे विमानतळ नि वायदेबाजार लटकले.

पण माझ्या मते खरा धडा बाल्टिमोरचा. १८ जुलै २००१ ला हॉवर्ड स्ट्रीटखालच्या बोगद्यात मालगाडी घसरून पेटली. त्या बोगद्यातून अनेक कंपन्यांची फायबरं जात होती. कंपन्या वेगळ्या, बिलं वेगळी, बोगदा एकच!

आपल्याला याची चव ३० जानेवारी २००८ ला मिळाली. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबली पाठोपाठ तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. भारताची जवळपास निम्मी बँडविड्थ गेली असं तेव्हा सांगितलं गेलं. वाहतूक पूर्वेकडून पॅसिफिकमार्गे वळवावी लागली, आणि कॉल सेंटरवाल्यांचे ते दिवस काही विचारू नका. समुद्र एवढा मोठा, पण त्या किनाऱ्याशी केबली जवळजवळच असतात. दोनच दिवसांनी दुबई आणि ओमानदरम्यानची फाल्कन केबल तुटली; तिथे मात्र पाच-सहा टनांचा टाकून दिलेला नांगर सापडला.

यंत्राच्या पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही. तिथे 'वर्किंग' आणि 'प्रोटेक्ट' असे दोन पोर्ट, दोन हिरवे दिवे. दोन्ही फायबरं एकाच चरात शेजारी झोपली आहेत का, हे यंत्राला कळायला मार्ग नाही. एकच जेसीबी दोन्ही उचलणार असेल तर ५० मिलिसेकंद घेऊन काय करायचं?

म्हणून मी नकाशा मागतो. बरेच जण "सर, टेस्ट पास झाली की, आता नकाशा कशाला?" म्हणतात. गेल्या महिन्यात एक आला. लाल रेघ महामार्गाने, निळी रेघ जुन्या गावरस्त्याने, छान लांब लांब. नदीपाशी मात्र दोन्ही एकाच पुलावर. पत्र पाठवलं आहे, उत्तर अजून यायचं आहे.