उतरलेल्या तारेची कुळकथा

हेवी मेटलच्या गिटारीला जो जड, खर्जातला आवाज असतो, त्याचं मूळ इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात आहे. टोनी आयोमी तिथे कामाला होता, वय 17. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं म्हणून त्याने नोकरी सोडली होती आणि तो शेवटचा दिवस होता. एक कामगार आला नाही म्हणून याला सवय नसलेल्या प्रेसवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच.

कारखान्यातल्या साहेबाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. 1928 मध्ये जँगोच्या गाडीघराला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली, तरी उरलेल्या दोन बोटांवर तो जॅझमधला अव्वल गिटारवादक झाला. ही झाली जिद्दीची गोष्ट. आपल्याकडे सत्काराच्या भाषणात ती इथेच संपते. मला तिच्यापुढची कारागिरी जास्त मोलाची वाटते.

आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्याला भोक पाडलं आणि बोटावर नीट बसेपर्यंत पॉलिश पेपरने घासला. शिंप्याच्या अंगुस्तानासारखं टोपण झालं खरं, पण ते तारेवरून सटकायचं. मग टोकाला जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. तार धरली जाऊ लागली, तरी टोपणाखालच्या बोटाला तारेचा स्पर्श कसा कळणार? जाड तारा दाबणं तर जिवावर यायचं. म्हणून त्याने बँजोच्या पातळ तारा गिटारला चढवल्या. भरगच्च कॉर्ड धरता येईना, तिथे दोन-तीन सुरांवर भागवलं.

पुढची पायरी तार उतरवण्याची. आयोमीच्या ब्लॅक सबाथ या बँडचे 1970 चे पहिले दोन अल्बम नेहमीच्याच पट्टीत आहेत, तेव्हा सगळा जडपणा तार उतरवण्यातून आला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मधल्या बऱ्याच गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली आहे. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनची तार काळी एकवर आली. ताण कंप्रसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एवढ्याने तो जवळजवळ 30 टक्के घटतो. बोटाला आराम मिळाला. सैल तार मात्र जास्त डोलते, आणि अँप्लिफायरमधून तो सूर जाडजूड, घरघरता होऊन बाहेर पडतो. बेसवाल्यानेही तारा तेवढ्याच उतरवल्या.

सोय म्हणून केलेली ही गोष्ट पुढे शैली ठरली. आता दहाही बोटं धडधाकट असलेले मेटलवाले काळी एकवर, कित्येकदा त्याहूनही खाली तारा लावून वाजवतात.