बर्फातल्या कोंबडीची चारशे वर्षे

मागे एकदा पाहुणे यायचे होते, म्हणून आम्ही कोंबडीच्या छातीचे गोठवलेले तुकडे आणवले आणि एकमेकांना चिकटलेला तो गठ्ठा तसाच खळखळत्या पाण्यात सोडला. बाहेर काढला तेव्हा कडेचे मांस सुतळीसारखे झाले होते आणि मधला भाग गुलाबी, कच्चा राहिला होता. चिकन सॅलडचा बेत अर्थातच फसला. दोष बर्फाचा की आमचा, हे शोधता शोधता आम्ही पाकशास्त्राच्या पुस्तकांतून इतिहासाच्या पुस्तकांत जाऊन पोहोचलो.

या इतिहासाच्या आरंभी एक तत्त्ववेत्ता उभा आहे. १६२६ साली फ्रान्सिस बेकन लंडनजवळील हायगेट येथून गाडीने चालला होता. जमिनीवर हिम पसरले होते. मीठ जसे मांस टिकवते तसे हिमही टिकवील काय, असा प्रश्न त्याच्या मनात आला. तो खाली उतरला, टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका गरीब बाईकडून त्याने कोंबडी विकत घेतली, ती साफ करवली आणि तिच्या पोटात हिम भरले. त्याच वेळी त्याला थंडी बाधली व ९ एप्रिल रोजी, ईस्टरच्या रविवारी, त्याने प्राण सोडला. ही कथा जॉन ऑब्रीने टॉमस हॉब्जकडून ऐकून, पुष्कळ वर्षांनी, लिहून ठेवली. बेकनच्या अखेरच्या पत्रात पदार्थ टिकवण्याच्या प्रयोगाचा उल्लेख आहे. प्रयोग उत्तम साधला, असेही तो कळवतो. व्हेसुव्हियसपाशी मरण पावलेल्या प्लिनीशी आपली तुलनाही करतो. कोंबडीचे नाव मात्र त्या पत्रात नाही. कोंबडी कदाचित मागाहून कथेत शिरली असेल. प्रश्न मात्र बेकनचाच होता, याविषयी आम्हांस शंका वाटत नाही.

हिमाने मांस टिकते, पण ते चांगलेच राहते असे नाही. गारठा हळूहळू शिरला तर मांसातील पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फाडतात आणि बर्फ सुटताच रस वाहून जातो. याचे उत्तर अमेरिकन क्लॅरन्स बर्डझाय याला १९१२ नंतर लॅब्राडोरच्या थंडीत सापडले. तेथील इन्युइट लोक बर्फातून मासा काढत आणि बोचऱ्या वाऱ्यात तो पाहता पाहता गोठून जाई; महिन्यांनंतर शिजवला तरी ताजा लागे. मर्म वेगात होते. वेगाने गोठले की स्फटिक बारीक राहतात. मायदेशी परतून त्याने थंडगार धातूच्या पट्ट्यांमध्ये अन्न दाबून गोठवणारे यंत्र केले. १९२९ साली त्याचा धंदा २ कोटी २० लाख डॉलरला विकला गेला आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे असे गोठवलेले मांस, मासे, वाटाणे दुकानांत मांडले गेले.

आता छातीच्या तुकड्याविषयी. पूर्वी कोंबडी पाळत ती अंड्यांसाठी. १९२३ साली डेलावेअर राज्यातील सिसिल स्टील या बाईंनी ५० पिल्ले मागवली आणि चुकून ५०० आली. त्यांनी ती परत न करता वाढवली आणि मांसासाठी विकली. तेथूनच तिकडे ब्रॉयलरचा व्यवसाय फोफावला. पुढे ‘उद्याची कोंबडी’ या नावाची स्पर्धा भरली. तिची अंतिम फेरी १९४८ साली झाली. रुंद, मांसल छातीचा पक्षी हे तिचे उद्दिष्ट होते. म्हणजे आपल्या ताटातील तो जाड तुकडा निसर्गाइतकाच परीक्षकांचाही आहे. त्यात चरबी नगण्य, म्हणून तो लवकर कोरडा पडतो.

सॅलडपुरता धडा आम्हांस लंडनमध्ये सापडला. २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानंतर परदेशी पाहुण्यांना जे जेवण दिले, त्यासाठी रोझमेरी ह्यूम आणि कॉन्स्टन्स स्प्राय यांनी थंड कोंबडीचा पदार्थ योजला. मेयोनेझमध्ये जर्दाळू आणि करी पावडर! (या नावाचा मसाला आमच्या आजीच्या डब्यात कधी नव्हता, पण तो गेला आपल्याच देशाच्या नावावर.) त्यांची कोंबडी ताजी आणि अख्खी होती. आम्हांस महत्त्वाची वाटते ती कृती: गाजर, मिरे व सुगंधी पाने घातलेल्या पाण्यात थोडी वाइन, मंद आच, आणि कोंबडी त्याच पाण्यात निवू देणे.

तेव्हा दोष आमचाच होता. गोठवताना घाई हवी, ती आम्ही शिजवताना केली. दुसऱ्या खेपेस तुकडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बर्फ सुटू दिला. ओट्यावर नव्हे, कारण तेथे बाहेरचा भाग ऊबदार होऊन जंतू वाढतात. वेळच नसेल तर गोठलेलेही शिजवता येतात, मात्र सुटे करून, एका थरात, आणि वेळ दीडपट धरून. मग कांदा, मिरे, तमालपत्र, मीठ व गार पाणी. आच इतकी बारीक की पाणी फक्त थरथरावे. सर्वांत जाड भागाच्या मध्यात ७४ अंश सेल्सियस भरले, तेव्हा गॅस बंद केला. तुकडे अर्धा तास त्याच पाण्यात निवले, मग फ्रिजमध्ये गेले. पुरते गार झाल्यावरच आम्ही ते धाग्यांना आडवे कापले आणि मेयोनेझमध्ये कालवले. सुतळी कुठे दिसली नाही. उरलेल्या पाण्यात संध्याकाळचा भात शिजवला.