फी थकली तरी अशिलाच्या फायली अडविता येत नाहीत

एकट्याने वकिली करणाऱ्यास थकलेली फी जड जाते. तथापि त्यासाठी अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला. भोपाळमधील एका वकिलाने ९७,१०० रुपये फी मिळेपर्यंत सहकारी बँकेच्या फायली परत करण्यास नकार दिला होता. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांची वकिली १८ महिन्यांसाठी निलंबित केली. असा हक्क आपल्याला आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असू शकते, हे लक्षात घेऊन न्यायालयाने केवळ ताकीद दिली. फीची वसुली कायदेशीर मार्गाने करता येते. म्हणूनच फी आरंभीच लेखी ठरवावी आणि अशिलाच्या पैशांचा हिशेब चोख ठेवावा. दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरविण्यास मात्र कौन्सिलच्या नियमांनुसार मनाई आहे.