गरिबाचा न्याय : गोतसभेपासून विधी सेवेपर्यंत

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. परंतु ज्याची दोन एकर जमीन भावकीने दाबली, किंवा जिची पोटगी थांबली, त्यास हे शहाणपण सांगून काय उपयोग? त्याला ती पायरी चढणे भागच असते. ती गरिबास परवडावी म्हणून आजवर काय प्रयत्न झाले, त्याचा त्रोटक इतिहास ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

मराठेशाहीत वतनाचा, शिवेचा वा वाटणीचा तंटा गोतसभेपुढे येई. वादी-प्रतिवादी स्वतःच आपली बाजू मांडीत. आजच्यासारखा वकिलीचा पेशा तेव्हा नव्हता. निवाडा मान्य करू, असे उभय पक्ष लिहून देत, साक्षी होत आणि निर्णयाचा महजर तयार होई. जिंकणाऱ्याने हरकी व हरणाऱ्याने गुन्हेगारी सरकारात भरावी, अशी वहिवाट होती. म्हणजे हा न्याय फुकट नव्हता. परंतु तो जवळ होता आणि आपल्या भाषेत होता. त्याचा दोष मात्र मोठा होता. सभेत वजन असे ते वतनदाराचे. बिनवतनी कुणबी, स्त्रिया आणि ज्यांना अस्पृश्य मानले गेले ते लोक यांचा शब्द तेथे हलका पडे.

इंग्रजी अमलात कायद्यापुढे सर्व समान, हे तत्त्व आले. पण त्याबरोबर स्टँप, वकिलाची फी आणि तालुक्याचे हेलपाटे हेही आले. अडाणी शेतकरी तारखेस हजर राहत नसे आणि सावकार एकतर्फी हुकूमनामा मिळवी. याचा संताप १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे भडकला व पुणे-नगर भागात सावकारांची खते जाळली गेली. त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्यात तडजोड करणारे अधिकारी व गावमुन्सफ नेमण्याची सोय होती. खतावरील आकडा बाजूस ठेवून मूळ मुद्दल किती, हे न्यायाधीश तपासू शके. लहान दाव्यांत वकिलांस सामान्यतः मज्जाव होता. आणि सावकाराने वकील दिला असता ऐपत नसलेल्या शेतकऱ्याकरिता सरकारी वकील उभा करण्याचीही तरतूद होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून काम केले. त्याच सुमारास सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्टाचाही प्रयोग झाला.

हे सारे इंग्रजी मुलखात. सोलापूर आमच्या रेणापुरापासून फार दूर नाही. पण मध्ये राज्याची सरहद्द होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाचे प्रजाजन. अदालतीचे काम उर्दूत चाले. आपल्याच दाव्यात काय लिहिले आहे, हे मराठी कुणब्यास अर्जनवीसाकडून ऐकावे लागे. वरिष्ठ न्यायालय हैदराबादेस होते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. भाषेची अडचण कमी झाली, पण उच्च न्यायालय मुंबईस गेले. १९८१ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, खंडपीठाचे काम सुरू झाले, तेव्हा कोठे हे अंतर घटले.

गरिबास वकील मिळवून देण्याची चळवळ मुंबईत १९२४ च्या सुमारास लीगल एड सोसायटीने आरंभिली. मुंबई सरकारने १९४९ साली न्यायमूर्ती भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क घटनेत आला आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यासाठीचा कायदा १९८७ साली झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला.

या कायद्यान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कामगार व आपद्ग्रस्त यांस उत्पन्न न पाहता वकील मिळतो. इतरांस ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आत. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते व त्या निवाड्यावर अपील चालत नाही. यास्तव अंगठा उमटविण्यापूर्वी मजकूर समजून घेणे अत्यावश्यक आहे. ज्यास फी भरण्याची ऐपत नाही, त्यास निर्धन म्हणून दावा लावण्याची मुभा दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे.

जुना न्याय जवळचा होता, पण समान नव्हता. नवा समान झाला, पण दूर राहिला. विधी सेवेचा हेतू हे दोन्ही गुण एकत्र आणण्याचा आहे. तो अजून पुरता साधलेला नाही, कारण हक्क ठाऊक नसलेला मनुष्य आजही जमीन गहाण टाकून वकील करतो.

आपल्या मंडळाचे काम येथेच आहे. मंडळाने न्यायासनावर बसू नये; कोणास वाळीत टाकणे हा तर महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हाच ठरला आहे. परंतु महिन्यातून एक दिवस दोन शिकलेल्या तरुणांनी कार्यालयात बसावे, आलेल्याचे कागद वाचून दाखवावेत, अर्ज भरून द्यावा आणि त्यास लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची वाट दाखवावी. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावा. यास वर्गणी लागत नाही, केवळ वेळ लागतो. येत्या वर्षी मंडळाने एवढे कार्य हाती घ्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे.