संगीतास्वाद, महाराष्ट्रातील

रागसंगीताशी पूर्वपरिचय नसलेल्या श्रोत्यास त्या संगीताकडे आणणारी साधने, संस्था व कलाप्रकार यांचा महाराष्ट्रातील इतिहास. जाणत्या श्रोत्याला मराठीत ‘कानसेन’ म्हणतात. हा कानसेन घडतो कसा, या प्रश्नाचे महाराष्ट्रातील उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. मैफल ही रागसंगीताची हक्काची जागा खरी. परंतु बहुसंख्य मराठी श्रोते तिच्या दारातून आत आलेले नाहीत. त्यांना राग प्रथम भेटला तो नाटकातील पदात, ध्वनिमुद्रिकेत, नभोवाणीवर किंवा चित्रपटगीतात. आडवाटेने आलेला हा श्रोता कमी प्रतीचा, असे मत संगीतवर्तुळात दीर्घकाळ प्रचलित होते. इतिहास पाहता ते टिकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ख्यालगायन मुख्यत्वे संस्थानिकांचे दरबार, धनिकांचे दिवाणखाने आणि कलावंतिणींच्या बैठकी यांपुरते मर्यादित होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजविली, तीही प्रथम शिष्यांच्या मेळाव्यात. १८७४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गायन समाजाने मध्यमवर्गीय सुशिक्षितांस एकत्र येऊन गाणे ऐकण्याची सोय करून दिली. तथापि सामान्य प्रेक्षकाला रागाचे दार खऱ्या अर्थाने उघडून दिले ते संगीत नाटकाने. अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील पदांच्या चाली साध्या व कथेला धरून होत्या. पुढे मानापमान (१९११) नाटकास गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी आणि स्वयंवर (१९१६) नाटकास भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी चाली दिल्या, तेव्हा ख्याल-ठुमरीचा ऐवज सरळ रंगमंचावर आला. बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) पद पुनःपुन्हा ऐकण्यासाठी तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला आपण भीमपलास किंवा यमन ऐकत आहोत याची जाणीव असेलच असे नव्हे. परंतु त्या रागाची चलनवलने त्याच्या कानांत मुरत होती. नाव मागाहून कळे, ओळख आधीच झालेली असे. नाट्याच्या दृष्टीने या पदांचा विस्तार अनेकदा अतिरेकी झाला, हा आक्षेप रास्तच आहे; श्रोता घडविण्याच्या दृष्टीने मात्र तोच लाभदायक ठरला.

याच सुमारास विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) व विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी शिक्षणाचा मार्ग धरला. भातखंड्यांचा हिंदुस्थानी संगीत पद्धती हा चार भागांचा ग्रंथ मूळ मराठीत असून तो गुरू-शिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेला आहे. शिष्याने भाबडे प्रश्न विचारावेत व गुरूने न कंटाळता उत्तरे द्यावीत, ही त्याची रीत नवख्या वाचकाची अडचण ओळखून योजलेली दिसते. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोर येथे व १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यांच्या पश्चात १९३१ मध्ये स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी संगीत लहान गावांतील घराघरांत नेले. प्रतिष्ठित कुटुंबांतील मुलींना उघडपणे गाणे शिकता येऊ लागले, हे या चळवळीचे फार मोठे फळ होय. त्याची किंमतही होती. संगीताला भक्ती व शील यांचे अधिष्ठान देताना ज्या कलावंतिणींनी व मुसलमान उस्तादांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केली होती, त्यांचा वाटा झाकला गेला. नव्या श्रोत्याला पुष्कळदा राग मिळाला, पण तो कोणाकडून आला याचा इतिहास मिळाला नाही.

नागपूर व विदर्भ : दरबारी आश्रयाची मोठी केंद्रे या भागात पश्चिम महाराष्ट्राइतकी नव्हती, म्हणून येथील इतिहास अधिक बोलका आहे. नागपुरात पलुसकर परंपरेतील शंकरराव सप्रे यांचा गायनवर्ग चाले. त्या वर्गातील दोन विद्यार्थी पुढे दोन वेगळ्या वाटांनी प्रसिद्धीस आले. एक वसंतराव देशपांडे (१९२०–८३). दुसरे रामचंद्र चितळकर, म्हणजेच चित्रपटसृष्टीतील सी. रामचंद्र (१९१८–८२). पहिल्याने घराण्यांच्या चौकटी ओलांडणारी ख्यालगायकी सिद्ध केली. दुसऱ्याने अलबेला (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट या गोमंतकीय वादकाच्या साहाय्याने पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या लयी योजल्या आणि आझाद (१९५५) मध्ये बागेश्रीवर आधारलेली चालही तितक्याच सहजतेने बांधली. अभिजात व लोकप्रिय असे दोन कप्पे पाडणाऱ्यांना या एकाच वर्गाचे उदाहरण अडचणीचे ठरावे.

अमरावती येथे जन्मलेले केशवराव भोळे (१८९६–१९६७) यांचे कार्य याहून वेगळे. ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी समकालीन गायकांच्या कलेची चिकित्सा करणारे लेख लिहिले. मराठी वाचकाला गाण्याविषयी भाविकपणे नव्हे, तर कान उघडे ठेवून बोलता येते, हे त्यांनी दाखविले. ‘प्रभात’च्या चित्रपटांचे संगीत-दिग्दर्शक म्हणून त्यांनी तोच विवेक पार्श्वसंगीतास लावला. कुंकू (१९३७) या चित्रपटात वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत योजलेले नाही. प्रसंगात स्वाभाविकपणे येणारे आवाजच परिणाम साधतात. संगीत कोठे नसावे हे ठरविणे हाही चित्रपटसंगीताचा भाग होय, हा धडा भारतीय चित्रपटाने पुढे क्वचितच गिरविला.

नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्याचे महत्त्व शहरापेक्षा आसपासच्या वस्त्यांना अधिक. नागपूरच्या उत्तरेस सावनेर तालुक्यातील खापरखेडा, तसेच जवळचे कोराडी ही औष्णिक वीजकेंद्रांची व त्यांच्या कामगार-वसाहतींची गावे. वेगवेगळ्या प्रांतांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे, पाळीनुसार चालणारे काम, जवळपास नाट्यगृह किंवा संगीतसभा नाही, अशा ठिकाणी भजनी मंडळ, गणेशोत्सवाचा मंडप आणि नभोवाणीसंच हीच संगीताची साधने असतात. संगीतप्रसाराचा इतिहास पुण्या-मुंबईच्या सभागृहांवरून लिहिण्याची प्रथा आहे. तो अशा वसाहतींवरून लिहिल्यास नभोवाणीला पहिले स्थान द्यावे लागेल.

नभोवाणीचे धोरण मात्र नवख्या श्रोत्याला नेहमीच अनुकूल नव्हते. बा. वि. केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. १९५२ मध्ये सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम व १९५४ पासूनची आकाशवाणी संगीत संमेलने ही त्यांच्या कारकीर्दीतील मोठी कामे. परंतु त्यांनी चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले आणि परिणामी श्रोता ‘रेडिओ सिलोन’कडे वळला. रुची आज्ञेने घडत नाही, एवढे त्यावरून दिसून आले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीने धोरण बदलले. ‘विविध भारती’वरील ‘संगीत सरिता’ हा कार्यक्रम तर या बदलाचा उत्तम नमुना होय : रागाची थोडक्यात ओळख, त्याचे शास्त्रोक्त गायन वा वादन आणि त्या रागावर आधारलेले चित्रपटगीत एकापाठोपाठ एक ऐकविले जात. ज्या गीतांना एकेकाळी दार बंद होते, तीच पायरी म्हणून वापरली गेली. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये सादर झालेल्या ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या गीतरामायणाने, त्यातील छप्पन गीतांच्या रागाधारित चालींनी, हेच काम उपदेशाचा सूर न लावता केले.

चित्रपट : पहिल्या मराठी बोलपटाचे, अयोध्येचा राजा (१९३२) याचे संगीत गोविंदराव टेंब्यांचेच, म्हणजे नाट्यसंगीताचा वारसा पडद्यावर थेट आला. बैजू बावरा (१९५२) मध्ये नौशाद यांनी तानसेन व बैजू यांच्या स्पर्धेसाठी अमीर खाँ व द. वि. पलुसकर यांचे देसी रागातील गायन योजले. बसंत बहार (१९५६) मध्ये भीमसेन जोशी व मन्ना डे यांचे युगुलगायन आहे. वसंत देसाई यांनी झनक झनक पायल बाजे (१९५५) साठी अमीर खाँ यांचा आवाज व गूंज उठी शहनाई (१९५९) साठी बिस्मिल्ला खाँ यांचे सनईवादन घेतले. मैफलीची पायरीही न चढलेल्या हजारो प्रेक्षकांनी हे कलावंत प्रथम चित्रपटगृहात ऐकले.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. गीताची चाल निश्चित असते. राग ही चाल नसून चालींची शक्यता असते. चित्रपटगीत रागातील ओळखीचे स्वरसमूह उचलते, प्रसंगी वर्ज्य स्वरही घेते आणि तीन-चार मिनिटांत संपते. विलंबित एकतालाचे एकच आवर्तन काही गायकांच्या गाण्यात पाऊण मिनिट घेते. या गतीने जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर अशी जेमतेम चार आवर्तने मावली असती. म्हणून त्या काळच्या गायकांनी मुद्रणासाठी मध्य व द्रुत लयीतील चिजा निवडल्या. गीतावरून रागाकडे येणाऱ्या श्रोत्याची खरी अडचण व्याकरणाची नसून वेळेची असते. मुखडा कळला तरी तो पुन्हा येईपर्यंत वाट पाहण्याची, सम कोठे येईल याचा अंदाज बांधण्याची सवय त्याला नसते. समेवर आपोआप मान डोलली, की निम्मे काम झाले.

पाश्चात्त्य अभिजात संगीतही मराठी कानावर अशाच आडमार्गाने पडले. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटांतील वाद्यवृंदांचा कणा बनले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा इत्यादींनी गीतांची वाद्ययोजना केली आणि पार्श्वसंगीतात स्वरसंवादाचे तत्त्व आणले. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा प्रयोग मुंबईत सादर केला. सलिल चौधरी यांनी छाया (१९६१) मधील एका गीतासाठी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीतील सुरावट घेतली; ते गुणगुणणाऱ्या बहुतेकांना मोझार्टचे नावही ठाऊक नसावे. या वादकांची नावे श्रेयनामावलीत सहसा येत नसत, आणि नवश्रोत्यांवरील त्यांचे ऋण अजून पुरते नोंदले गेलेले नाही.

या साऱ्या वाटा जेथे एकत्र येतात असे नाटक म्हणजे कट्यार काळजात घुसली (१९६७). त्याचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर (१९२६–९९) नागपूरचे. दोन घराण्यांतील स्पर्धा व विद्या मिळविण्यासाठी धडपडणारा शिष्य हाच कथेचा गाभा असल्यामुळे गाणे हे तेथे कथेला लावलेले ठिगळ राहिले नाही. जितेंद्र अभिषेकी (१९२९–९८) यांच्या चाली व खाँसाहेबांच्या भूमिकेतील वसंतराव देशपांडे यांचे गायन यांमुळे संगीत नाटकाकडे पाठ फिरविलेला तरुण प्रेक्षक पुन्हा आला. घराणे म्हणजे काय, हे या नाटकाने अनेकांना ग्रंथाहून अधिक स्पष्टपणे समजावले. अर्थात ग्रंथांचेही काम होते : वामनराव देशपांडे यांचे घरंदाज गायकी (१९६१) आणि अशोक रानडे (१९३७–२०११) यांचे संगीताचे सौंदर्यशास्त्र (१९७१) यांनी जिज्ञासू श्रोत्याला विचाराची भाषा दिली. सुबोध भावे दिग्दर्शित कट्यार चित्रपट २०१५ मध्ये आला. त्यात खाँसाहेबांच्या भूमिकेस आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी दिला, तर त्यातील गायनाबद्दल महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दृक्‌क्रीडासंगीत : संगणकीय व दूरचित्रवाणी खेळांसाठी रचलेले संगीत ही या मालिकेतील सर्वांत नवी वाट. तिचा उगम मुख्यतः जपानी. कोजी कोंदो यांनी सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) साठी केवळ पाच ध्वनिमार्ग उपलब्ध असलेल्या यंत्रावर रचना केली. कोइची सुगियामा यांच्या ड्रॅगन क्वेस्ट या खेळाचे संगीत १९८७ मध्ये तोक्यो येथे वाद्यवृंदाने सभागृहात वाजविले. क्रिस्टोफर टिन यांच्या सिव्हिलायझेशन ४ (२००५) मधील गीताला २०११ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. खेळासाठी रचलेल्या संगीतास मिळालेले ते पहिलेच. चित्रपटातील प्रसंगाची लांबी ठरलेली असते, खेळातील नसते. खेळाडू एका ठिकाणी दोन क्षण थांबेल की अर्धा तास, हे संगीतकाराला ठाऊक नसते. म्हणून रचनेचे तुकडे पुनरावृत्त होतील व परिस्थितीनुसार एकमेकांत मिसळतील, अशी बांधणी करावी लागते. प्रसंग पाहून लांबविता-आखडता येणाऱ्या संगीताची कल्पना रागसंगीताच्या श्रोत्यास परकी वाटू नये. मात्र येथे निर्णय गायकाचा नसून यंत्राचा असतो, हा फरक लहान नाही.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा राजी : ॲन एन्शन्ट एपिक हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय पुराणकथांवर आधारलेल्या या खेळाचे, भारतीय वाद्यांचा उपयोग करणारे संगीत लिनोस त्झेलिओस या ग्रीक संगीतकाराचे आहे.