वहीत नसलेली कुस्ती

14 ऑगस्ट 1948 रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर डॉन ब्रॅडमन दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला, तेव्हा आमचं मुरुड अजून निजामाच्या मुलखात होतं. पोलीस ॲक्शनला महिना बाकी होता. रझाकारांच्या धास्तीनं माणसं दिवस मावळायच्या आत दारं लावून घेत. अशा दिवसांत एरिक हॉलिसच्या गुगलीची खबर इथवर कशी पोचणार? ती पोचली वीसेक वर्षांनी, आमच्या गल्लीतल्या गुरुजींच्या तोंडून.

गुरुजी शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात क्रिकेट जगायचे. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं समालोचन लागलं की ते दोनशेपानी वही मांडीवर घेऊन बसत. पट्टीनं रकाने आखलेले, शाईच्या पेनानं भरलेले. संध्याकाळी अडत दुकानाच्या ओट्यावर मंडळी जमली की ती वही निघायची. ब्रॅडमनचं उदाहरण तर ते फळ्यावर सोडवावं तसं सोडवून दाखवत. कसोटी 52, डाव 80, त्यातले 10 नाबाद. म्हणजे बाद झाला 70 वेळा. धावा 6996. "फक्त चार कमी पडल्या, तात्या. एक चौका बसला असता तर सात हजार भागिले सत्तर, बरोब्बर शंभर. आता 99.94. जगात कुणाचं आहे असं?"

"म्हंजी शेवटच्या कुस्तीत पडला," तात्या म्हणायचे. "आन् तरी तुमी त्याला थोर म्हनता."

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. कान चुरगाळलेले, मान खांद्यात रुतलेली. तरुणपणी पंचक्रोशीतल्या जत्रांचे फड त्यांनी गाजवले होते, असं ते स्वतः सांगत. गुरुजींचा पहिला आक्षेप नेमका तिथंच असायचा. "किती कुस्त्या केल्या, किती जिंकल्या, लिहून आहे का कुठं?"

लिहून होतं, पण वेगळंच. तात्यांच्या घरी कोनाड्यात यात्रा कमिटीची एक जुनी, लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. लहानपणी ती मी कितीदा उलटून पाहिली असेल. आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रुपयावरच्या, शेवटी मानाची. पण सगळा हिशोब पैशाचा. हलगीवाल्याला इतके, फेट्याला इतके, अमक्या गावच्या पैलवानाला इतके. कोण कुणावर जिंकला, कोणत्या डावावर, किती मिनिटांत, यातलं एक अक्षर नाही. तात्यांनीच ती वही वाचायला शिकवली. एका नावापुढं पूर्ण इनाम असेल तर कुस्ती निकाली. दोन नावांपुढं निम्मं-निम्मं असेल तर खडाखडीतच वेळ गेला आणि पंचांनी बरोबरीत सोडवली. हरलेल्याचं नाव वहीत यायचंच नाही, कारण त्याला द्यायचं काही नव्हतं.

गामाचा विषय निघाला की ओटा पेटायचा. तात्यांच्या लेखी जगातला सगळ्यात मोठा विक्रम गामाचा: जन्मभर पाठ लागली नाही. गुरुजी विचारायचे, पाठ लागली नाही हे मोजलं कुणी? मग तात्या लंडनची कुस्ती लावत. 1910 चा सप्टेंबर. समोर पोलंडचा झिबिस्को, अंगापिंडानं गामाहून मोठा. तो पालथा पडला तो अडीच तासांहून जास्त वेळ उठलाच नाही, आणि कुस्ती अनिर्णित राहिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा भिडायचं ठरलं, तर हा फिरकलाच नाही. अठरा वर्षांनी, 1928 मध्ये, पतियाळाला दोघं परत समोर आले. गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत केलं.

"पहिल्यांदा अडीच तास, दुसऱ्यांदा मिनिट नाही," गुरुजी वही उघडून म्हणत. "सरासरी काढू का?"

यावर हसण्यात तात्याही असायचे. पण मला वाटतं, त्या वादात तात्यांची बाजू दिसते त्यापेक्षा भक्कम होती. फडात पैलवानाची किंमत जोड कुणाशी लागली यावर ठरते. हलक्या जोडीच्या शंभर कुस्त्या मारल्या तरी त्याचं कुणी नाव काढत नाही. क्रिकेटच्या आकड्यात मात्र सगळे गोलंदाज एकाच मापात ओतले जातात. 1948 च्याच डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद 443 केल्या. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांवर होता. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या होत्या. काठियावाडचा कर्णधार, राजकोटचा ठाकोरसाहेब, जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, पुरे करा, आणि पुढं खेळायला तयारच झाला नाही. गुरुजींना हा प्रसंग पन्नास वर्षं झोंबत होता. तात्यांना त्यात नवल वाटायचं नाही. "आखाडा सोडून पळाला म्हना की. मंग त्या नऊ धावा निंबाळकरच्याच झाल्या!" गुरुजी त्या नऊ धरायला तयार नसत. निंबाळकरांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, हे मात्र ते दरवेळी जोडत. पाठोपाठ पद्माकर शिवलकर यायचे. प्रथम श्रेणीत 589 बळी, आणि बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले म्हणून कसोटी शून्य. आकड्यांच्या माणसालाही आकडा अपुरा वाटायचा, तो अशा वेळी.

तात्यांच्या पोतडीतला हुकमी एक्का मात्र आपल्याच जिल्ह्यातला. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता, लातूर 1982 ला वेगळा झाला. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. 1969 ची महाराष्ट्र केसरीची कुस्ती लातूरला भरली. तात्या मुरुड स्टेशनावरून बार्शी लाईटच्या छोट्या गाडीत बसून गेले. ती गाडी इतकी सावकाश चालायची की चढावर माणसं उतरून लघवी करून परत चढत, असं ते सांगत. हे मी बार्शी लाईटविषयी भेटेल त्या म्हाताऱ्याकडून ऐकलंय, तेव्हा किती खरं मानायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. गर्दीत पुढं जायला जागा नव्हती. तात्या मागं एका बैलगाडीच्या चाकावर उभे राहिले. गदा घेतली तेव्हा बिराजदार एकोणीस वर्षांचे. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. पुढं रुस्तुम-ए-हिंद.

तरीही ओट्यावर जी कुस्ती पुनःपुन्हा खेळली जायची ती 1977 ची, बेळगावची. समोर दिल्लीचा सत्पाल, गुरू हनुमानांचा पठ्ठ्या, त्या वेळचा देशातला सगळ्यात दांडगा गडी. बिराजदारांनी त्याला अस्मान दाखवलं. इथवर सगळ्यांचं एकमत. डाव कोणता, यावर मात्र ओट्याचे दोन तट पडायचे. तात्या म्हणायचे घिस्सा. पेंडीच्या दुकानाचे मालक, त्यांचा भाऊ बेळगावला होता, ते म्हणायचे घुटना. एकदा शब्द वाढला तसे तात्या धोतराचा काचा मारून उठले आणि मालकांची लांग धरून दाखवायला लागले. साठी ओलांडलेली ती दोन माणसं गुडघ्यावर आली, मालकांच्या कोपरानं चहाची किटली आडवी झाली, आणि गुरुजी आपली वही उचलून उभे राहिले. वहीत त्या कुस्तीला रकाना नव्हताच.

बायकांचा खेळ या ओट्यावर कधी चर्चेला आला नाही. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोच्या सुवर्णविजेत्या संघाची कर्णधार होती. 2020 ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा माझी आत्या म्हणाली, "आता तुमच्या त्या वहीत एक पान बायांचं बी लावा." पान लागलं नाही.

बिराजदारांची खरी गोष्ट पुढंच आहे. लंगोट ठेवल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले, सगळ्यांचे मामा. आमच्याच लातूर जिल्ह्यातले काका पवार तिथं घडले, अर्जुन पुरस्कारापर्यंत गेले आणि स्वतः वस्ताद झाले. पाटोद्याचा राहुल आवारे आधी मामांकडे. 2011 ला मामा गेले, मग काकांकडे. 2018 ला गोल्ड कोस्टला राहुलनं राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं. गुरूच्या एडिंबरोनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. हे सुवर्ण कुणाच्या खात्यात मांडायचं? ब्रॅडमनचं खातं हॉलिसच्या चेंडूवर बंद झालं. तेंडुलकरचं शंभर शतकांवर, दोनशे कसोटींवर बंद झालं. त्यात कुणी काही घालू शकत नाही, म्हणून तर त्यावर हुज्जत घालता येते. वस्तादाचं खातं तो गेल्यावरही चालू राहतं, आणि कारकिर्दीच्या याद्या करणाऱ्यांनी त्यासाठी काही सोय केलेली मला दिसली नाही. माझ्यापुरतं मी मामांना ब्रॅडमनच्या ओळीत बसवतो. गुरुजींना हे कधी मान्य झालं नाही.

जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती लागली. नाशिक जिल्ह्याचा हर्षवर्धन सदगीर आणि आपल्या लातूर जिल्ह्याचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांच्या तालमीतले. आमच्या ओसरीवर टीव्ही लावला होता. तात्या, गुरुजी दोघंही ऐंशीच्या घरात. हर्षवर्धन 3-2 नं जिंकला आणि जिंकल्या जिंकल्या त्यानं शैलेशला खांद्यावर घेऊन फिरवलं.

"मंग मामा जिंकलं का हरलं?" तात्यांनी विचारलं.

"दोन्हीकडं त्यांचेच. बरोबरी," गुरुजी म्हणाले.

"निकाली कुस्ती झाली की, गुरुजी. बरोबरी कशी लिवता?"

"मग जिंकलेल्यात एक धरतो, हरलेल्यात एक."

तात्यांना ते पटलं नाही, आणि खरं म्हणजे गुरुजींनाही नाही. मग शैलेशचे दोन गुण नेमके कशाचे होते यावर गाडी वळली, आणि जेवायला हाक आली तरी दोघं उठले नाहीत.