सोवळे फडके, स्वच्छ फडके

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या वाईच्या घरात स्वयंपाकघरात तीन फडकी असत. एक चुलीवरचे भांडे उतरवायचे, एक हात पुसायचे आणि तिसरे पोतेरे. तिघांचे कूळ एकच. आजीचे नऊवारी लुगडे विरले की त्याचे धडपे व्हायचे, धडपा विरला की फडके आणि फडके अगदी जाळी झाले की पोतेरे. नवे कापड फडक्यासाठी विकत आणायचे, ही कल्पनाच तेव्हा कुणाला सुचली नसती.

शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला. तह, लढाया, सनावळ्या. पण आपले पणजोबा-आजोबा कशाला स्वच्छ म्हणत आणि कशाला घाण, हे पाठ्यपुस्तकात कधी आले नाही. ते शोधायचे तर स्वयंपाकघरातल्या खुंटीवरच्या फडक्यापासून सुरुवात करावी लागते, असे मला निवृत्तीनंतर वाटू लागले. आज त्याविषयी थोडे बोलायचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, ‘सोवळे’ आणि ‘स्वच्छ’ हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो; ते एक नाहीत. सुती वस्त्र सोवळ्यात हवे असेल तर ते धुऊन, कुणाचा स्पर्श होऊ न देता वाळवावे लागे. त्यासाठी वलणी उंच बांधलेली असे आणि आजी काठीने लुगडे वर टाकी, काठीनेच खाली घेई. इथवर ठीक. पण रेशमाला आणि लोकरीला हा नियम नव्हता. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी जात्याच सोवळी. आजोबांचा पूजेचा मुकटा खुंटीवर असायचा. त्याला घामाचा वास येई, गंधाचे डाग पडलेले असत. तरी तो सोवळा. आणि मी साबणाने हात धुऊन वलणीवरच्या ओल्या लुगड्याला बोट लावले, तर ते ओवळे! मला आठवते, मी आठ वर्षांची होते. आजीने एक शब्द न बोलता ते लुगडे पुन्हा पाण्यात घातले. तिच्या त्या न बोलण्याची मला जास्त भीती वाटली.

म्हणजे सोवळ्यात प्रश्न ‘कापडाला काय लागले आहे’ हा नव्हता. ‘कापडाला कोण लागले आहे’ हा होता.

आजीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगते की, त्या नियमांत शहाणपणाही होता. अंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी जायचे नाही. भांड्याला तोंड लावायचे नाही, पाणी वरून प्यायचे. खरकट्या हाताने झाकण उघडायचे नाही. हे कुणी जंतूंचे नाव ऐकूनही नसताना पाळले जात होते आणि त्याचा उपयोग होतच असणार. पण नियमामागचे कारण माहीत नसले की, उपयोगाचा नियम आणि निरुपयोगी नियम एकाच कडकपणाने पाळले जातात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची हकिगत आहे. १८५७च्या धामधुमीनंतर सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्यानंतर त्यांच्या मनाने हे घेतले आणि बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, असा दंडक झाला. वाचताना आपण हसतो. २०२०च्या टाळेबंदीत मात्र मी स्वतः दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या आणि बटाटे सोड्याच्या पाण्यात बुडवून गॅलरीत वाळत घातले, तेव्हा ते हसू जरा आवरते घ्यावे लागले.

आता आपण वाईहून थोडा वेळ कोलकात्याला जाऊ, कारण ओल्या फडक्याचा खरा गुन्हा तिथे उघडकीला आला. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हे कॉलऱ्याचे कारण शोधत आधी इजिप्तला आणि तिथून १८८३च्या अखेरीस कोलकात्याला आले. कॉलऱ्याने दगावलेल्यांच्या आतड्यांत त्यांना स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला. फेब्रुवारी १८८४ मध्ये त्यांनी एका वस्तीतल्या तळ्याचे पाणी तपासले. तळ्याकाठी कॉलऱ्याची साथ होती, पहिल्या रोग्याचे कपडे त्याच तळ्यात धुतले गेले होते आणि लोक त्याच तळ्याचे पाणी पीत होते. पाण्यात तोच जंतू निघाला. त्याच महिन्यांत कॉख यांनी आणखी एक नोंद केली, ती मला फार मोलाची वाटते. हा जंतू मळलेल्या, ओलसर कापडावर झपाट्याने वाढतो आणि वाळवले की मरतो.

पाहा, यात कुणी शिवले याचा संबंधच नाही. कापड कुणाचेही असो, मळलेले आणि ओले राहिले तर धोका. धुऊन कडकडीत वाळले तर धोका पुष्कळ कमी. रेशमाला सवलत नाही, सुताला शिक्षा नाही.

ही गोष्ट आपल्या घरापर्यंत यायला मात्र फार वेळ लागला आणि आली तीही वाईट वाटेने. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगश या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला. सरकारी स्वच्छतेचा अवतार म्हणजे घरात शिरणारे गोरे सोल्जर. ते देवघरात गेले, माजघरात गेले, चुलीपर्यंत गेले. अंथरुणे, गोधड्या, चिंध्या बाहेर काढून जाळल्या, भिंतींना चुना फासला. २२ जून १८९७च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण सगळे शिकलो. मी वर्गात शिकवत असे तेव्हा मुले टाळ्या वाजवत. पण त्या वर्षाचा एक परिणाम असाही झाला, की स्वच्छता म्हणजे परक्याने उंबरठा ओलांडून केलेली जबरदस्ती, हे अनेक घरांच्या मनात बसले. आणि विचित्र गोष्ट अशी, की रोग उंदरावरच्या पिसवांतून माणसाकडे येतो, हे तेव्हा त्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने ते १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले आणि सर्वांना पटायला आणखी काही वर्षे गेली.

त्याच प्लेगमध्ये पुण्याजवळ सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगने गेल्या. स्पर्शाला न भिणारी बाई त्या काळात होती, हे आपण विसरू नये.

कारण स्पर्शाची ती जुनी भीती जंतुशास्त्र आल्यावरही कमी झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागून हजारो माणसांनी ओंजळीने पाणी घेतले. त्या तळ्यावर जनावरांना बंदी नव्हती. तरी पुढे गावातल्या सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले : दूध, दही, शेण आणि गोमूत्र घातलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात रिकाम्या केल्या. कॉख यांनी कोलकात्याच्या तळ्याची गोष्ट जगाला सांगून त्रेचाळीस वर्षे झाली होती. पिण्याच्या पाण्यात शेण ओतणे म्हणजे शुद्धी आणि माणसाच्या धुतलेल्या हाताची ओंजळ म्हणजे विटाळ, असे शिकल्यासवरल्या माणसांना वाटत होते. मला हा प्रसंग राजकीय इतिहासाइतकाच आपल्या स्वयंपाकघरांचा इतिहास वाटतो. त्या घागरी भरल्या गेल्या त्या घरांतूनच.

आमचे घर वेगळे होते असे मी म्हणणार नाही. भांडी घासायला येणारी बाई राखेने आणि काथ्याने भांडी लख्ख करून मोरीत उपडी घालायची आणि आजी त्यावर पुन्हा पाणी ओतून मगच ती आत घ्यायची. बाईंचा चहाचा कप वेगळा, कोनाड्यात. तो कप बाईंनीच विसळायचा. हे लहानपणी इतके सवयीचे होते, की त्यात काही विचारण्यासारखे आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले.

आता लुगड्याकडे परत येते. नऊवारी सुती लुगड्याचा विरलेला धडपा हा फडक्यासाठी उत्तम. पातळ असतो, पाणी चटकन शोषतो आणि पिळून टाकला की उन्हात तासाभरात खडखडीत वाळतो. सत्तरच्या दशकात घरोघरी नायलॉन, पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. जुन्या झाल्या तरी त्यांचे फडके होईना. पाणी शोषायचेच नाही. मग बाजारातून नॅपकिन आले, जाड टर्किश टॉवेलचे तुकडे आले. दिसायला छान, पण पावसाळ्यात ते दोन दोन दिवस ओलेच. एकच नॅपकिन हाताला, ताटाला, ओट्याला, सगळीकडे. साबण मात्र स्वस्त झाला. १८८८ मध्ये कोलकात्याच्या बंदरात विलायती सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या होत्या. १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ मध्ये निरमा आले. म्हणजे पावडर आली आणि पातळ धडपा गेला. या सौद्यात आपला फायदा किती, तोटा किती, मला नक्की सांगता येत नाही.

त्या जुन्या साडीची किंमत शास्त्रज्ञांनी मात्र नंतर मोजली. बांगलादेशातल्या मतलब भागात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या सुती साडीची घडी करून, निदान चार पदर करून, तिच्यातून पिण्याचे पाणी गाळायला शिकवले. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतो. ते जीव कापडात अडकले की बरेचसे जंतूही अडकतात. धुऊन धुऊन साडीचे धागे सैल होऊन फुगतात, मधली भोके लहान होतात, म्हणून नवीपेक्षा जुनी साडी चांगली. पासष्ट गावे, सुमारे १ लाख ३३ हजार माणसे. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी. गाळून झाल्यावर कापड धुऊन उन्हात वाळवायचे, हाही त्या शिकवणीचा भाग. हंड्याच्या तोंडाला धडपा बांधणाऱ्या आपल्या आज्या हे वाचून काय म्हणाल्या असत्या?

नाण्याची दुसरी बाजू मॉरिशसमधून आली. कोकणातून गेलेल्या मराठी माणसांची तिथे दीडशे वर्षांहून जुनी वस्ती आहे, म्हणून मी ती बातमी जरा आपुलकीने वाचली. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी महिनाभर वापरलेली शंभर स्वयंपाकघरातली फडकी तपासली. २०१८ मध्ये त्यांनी सांगितले, की ४९ फडक्यांवर जंतूंची वाढ झालेली होती. घरात माणसे जास्त असतील, एकच फडके अनेक कामांना असेल, ते ओलसर राहत असेल किंवा घरात मांसाहार होत असेल, तर वाढ जास्त. कॉख यांची ओलसर कापडाची नोंद १३४ वर्षांनी पुन्हा तशीच!

आणि आता माझ्या आईविषयी. आई लग्नाआधी नर्सिंग शिकलेली होती आणि वाईला आल्यावर रुग्णालयात नोकरीला लागली. वडिलांनी हट्ट धरला म्हणून आजीने परवानगी दिली. पण अट होती. रुग्णालयातून आल्यावर डोक्यावरून अंघोळ आणि तरीही त्या दिवशी चुलीला हात लावायचा नाही. आई कोपरापर्यंत हात साबणाने धुवायची, नखे ब्रशने घासायची. घरातले सगळ्यांत स्वच्छ हात तिचे होते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबायचे तेही तिचेच. ती ओसरीवर बसून भाजी निवडायची. दर रविवारी मात्र ती परसात तीन विटांच्या चुलीवर डालड्याच्या रिकाम्या डब्यात धुण्याचा सोडा घालून घरातली सगळी फडकी उकळायची. आजी म्हणायची, “हे काय गं, चिंध्यांचं पिठलं?”

मी अकरावीत असताना आजीला विषमज्वर झाला. पाच आठवडे. आईने रजा काढली. आजीचे अंग पुसायचे, तोंड पुसायचे आणि पथ्याच्या भांड्यांचे अशी फडकी तिने वेगळी केली आणि रोज उकळली. उकळत्या डब्यातून फडकी काढायला काही हवे होते म्हणून तिने वलणीची काठी घेतली. सोवळ्याची काठी! आजीने खाटेवरून ते पाहिले. आम्ही मुले श्वास रोखून उभी.

आजी म्हणाली, “त्या काठीला हात लावलास?”

“लावला, माई,” आई म्हणाली. “दुसरी काठी एवढी लांब नव्हती. तुम्ही बऱ्या झालात की धुऊन ठेवते.”

आजी काही बोलली नाही. नंतर कूस वळवता वळवता म्हणाली, “राहू दे परसातच. मला दुसरी बघा.”

आजी बरी झाली. तिच्यासाठी नवा बांबू आला आणि जुनी काठी आईच्या डब्यापाशी राहिली. भांडी उतरवायचे फडके पुढे आजी रविवारी आपणहून आईकडे उकळायला द्यायची. पायरीवर ठेवायची, हातात नाही. नैवेद्याचा स्वयंपाक शेवटपर्यंत तिने स्वतःच केला. आणि कोनाड्यातला तो कप आई निवृत्त होईपर्यंत कोनाड्यातच होता. तो आईनेही हलवला नव्हता, मीही नाही.